कमरेवर झिजलेले हत्यार : अमेरिकी पोलिसांच्या रिव्हॉल्व्हरची आणि त्याच्या निगराणीची कथा

पोलिसाच्या कमरेला वीस वर्षे लटकलेले जुने रिव्हॉल्व्हर पाहिले, तर पहिल्या नजरेत ते निकामी झाले असावे असेच कोणालाही वाटेल. नळीच्या टोकाशी निळसर काळा मुलामा उडून आतले पांढरे पोलाद उघडे पडलेले, चक्राच्या कडा घासून चकचकीत झालेल्या, अक्रोडाच्या लाकडी मुठीवर मोटारीच्या दारांनी पाडलेल्या खाचा. पण चक्र बाजूला काढून, नळीतून उजेडाकडे पाहावे, तर आतील पेचदार खोबणी कालपरवा कारखान्यातून आल्यासारखी धारदार दिसते. आणि याच्या अगदी उलट, बाहेरून लखलखीत पण आतून चिरलेले हत्यारही त्याच शस्त्रागारात, त्याच फळीवर ठेवलेले असे.

हे कसे घडे, याचा आजचा हा धागा. थोडा लांब आहे. वाचकमित्रांनी सवडीने वाचावा.

विषय अमेरिकेचा आहे. साधारण १८९० ते १९९० या शंभर वर्षांत तेथील बहुतेक प्रत्येक गावच्या पोलिसाच्या कमरेला रिव्हॉल्व्हर होते. युद्धातील शस्त्रांवर ग्रंथांचे ढीग पडले आहेत. पोलिसांच्या हत्यारांकडे मात्र इतिहासप्रेमी सहसा फिरकत नाहीत. वास्तविक सैनिकाच्या बंदुकीपेक्षा या हत्याराचे आयुष्य अधिक चमत्कारिक असते. ते रोज अंगावर असते, ऊन, पाऊस आणि घाम खाते, आणि बहुतेक वेळा झाडले जात नाही. बहुसंख्य अमेरिकी पोलीस कर्तव्यावर असताना माणसावर एकही गोळी न झाडता निवृत्त होतात. मात्र जो एक क्षण येतो, त्या क्षणी पंधरा वर्षे नुसत्या पडून राहिलेल्या यंत्राने पहिल्याच दाबाला काम केले पाहिजे, अशी अपेक्षा असते.

कथेचा आरंभ न्यूयॉर्कपासून करू. १८९५ साली थिओडोर रूझवेल्ट, म्हणजे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले तेच, शहराच्या पोलीस आयुक्त मंडळाचे अध्यक्ष झाले. त्या वेळी शिपायांच्या खिशांत नाना बनावटींची, नाना मापांची रिव्हॉल्व्हरे असत. एकाची काडतुसे दुसऱ्याला चालत नसत. सुटे भाग मिळण्याचा तर प्रश्नच नव्हता. रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत नेमबाजीची शाळा सुरू झाली आणि कोल्ट कंपनीचे .३२ मापाचे ‘न्यू पोलीस’ हे रिव्हॉल्व्हर सर्वांसाठी ठरवण्यात आले. इतिहासकार याकडे शिस्तीची सुधारणा म्हणून पाहतात. माझ्या मते तिचा निगराणीशी असलेला संबंध अधिक महत्त्वाचा आहे. एकच बनावट असली की एकच कारीगर हजारो हत्यारे तपासू शकतो, आणि एका पेटीत ठेवलेले सुटे भाग सर्वांना उपयोगी पडतात. पोलिसी शस्त्रागार ही संस्था खऱ्या अर्थाने अशा निर्णयांतून उभी राहिली.

त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८९९ मध्ये, स्मिथ अँड वेसन कंपनीने ‘मिलिटरी अँड पोलीस’ हे .३८ मापाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. १९५७ मध्ये कंपनीने आपल्या हत्यारांना क्रमांक दिले तेव्हा त्याला ‘मॉडेल १०’ म्हणू लागले. त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या मिळून साठ लाखांहून अधिक नग तयार झाले. जुन्या अमेरिकी चित्रपटात गस्तीच्या पोलिसाने कमरेवरून काढलेले हत्यार आठवा. ते बहुधा हे, नाहीतर त्याचा प्रतिस्पर्धी कोल्ट.

आता थोडे यंत्र समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. मराठीत ‘चाप’ आणि ‘घोडा’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत, ही आपली सोय. बोटाने ओढायचा तो चाप, आणि मागून काडतुसाच्या टोपीवर आघात घडवतो तो घोडा. या रिव्हॉल्व्हरमध्ये चाप ओढू लागले की एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. घोडा मागे जातो, आणि सहा काडतुसांचे चक्र एक घर पुढे फिरते. चक्र फिरवण्याचे काम करतो एक बोटभर लांबीचा पोलादी तुकडा. कारीगर त्याला ‘हात’ म्हणतात, कारण तो चक्राच्या मागील दात्यांना हातासारखा वर ढकलतो. घर नेमके नळीसमोर आले की खालून एक खिटी वर येऊन चक्राच्या खाचेत बसते आणि चक्र जागच्या जागी अडते. मग घोडा सुटतो. हा सगळा क्रम अर्ध्या सेकंदात, आणि तोही दर वेळी बिनचूक घडावा लागतो.

क्रम बिघडला तर काय होते? हात झिजला असेल तर घर नळीसमोर पूर्ण येण्याआधीच घोडा पडतो. गोळी नळीच्या मागच्या तोंडाच्या कडेवर घासते, शिशाचे कण बाजूने उडतात, आणि शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या गालाला टोचतात. अमेरिकी नेमबाजीच्या मैदानांवर जुन्या प्रशिक्षकांना हे कण हत्याराचे टायमिंग बिघडल्याची पहिली खूण म्हणून ठाऊक असत.

येथे कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांच्या स्वभावातला भेद लक्षात घेण्यासारखा आहे. जुन्या कोल्टमध्ये चाप पूर्ण ओढलेला असताना हात चक्राला सतत रेटून धरतो. त्यामुळे गोळी सुटण्याच्या क्षणी चक्र तिजोरीच्या दारासारखे घट्ट बसलेले असते. यत्किंचितही हलत नाही. नेमबाजांना हे फार आवडे. पण रेट्याचा सगळा भार त्या लहानशा हातावर आणि दात्यांवर येतो, आणि तेच आधी झिजतात. मग कानशीने घासून, ठोकून, पुन्हा बसवून टायमिंग जुळवावे लागते, आणि हे काम जाणत्या कारीगराशिवाय होत नाही. स्मिथ अँड वेसनचे चक्र त्या क्षणी किंचित सैल असते. हाताळणाऱ्याला ते कमी दर्जाचे वाटते, परंतु त्या सैलपणामुळेच ते अधिक काळ दुरुस्तीविना चालते. पोलीस खात्यासारख्या संस्थेला, जिच्याकडे हत्यारे हजारो आणि कारीगर दोन-तीन, यांतले कोणते परवडेल हे उघड आहे. कोल्टने आपले ‘ऑफिशियल पोलीस’ हे नामांकित रिव्हॉल्व्हर १९६९ मध्ये बंद केले. हातकामाचा वाढता खर्च हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

शस्त्रागारातील कारीगर, ज्याला तिकडे ‘आर्मरर’ म्हणतात, हत्यार तपासायला घेतो तेव्हा त्याच्या पृष्ठभागाकडे जवळजवळ दुर्लक्षच करतो. प्रथम ते रिकामे आहे याची दोनदा खात्री. मग चाप अगदी सावकाश ओढून सहाही घरे एकेक करून पाहायची. घोडा पडण्याआधी खिटी बसते का? सहापैकी एकच घर चुकत असेल तर दोष बहुधा दात्यात. सगळी चुकत असतील तर हातात. मग चक्र पुढेमागे हलवून पाहायचे. वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी चक्राचा आस घासला गेला असेल तर ते आगगाडीच्या डब्यासारखे पुढेमागे सरकते. त्यावर उपाय सोपा आहे. आसावर कागदाइतक्या पातळ पोलादी चकत्या घालतात. शेवटी चक्र आणि नळी यांमधील फट पातळ पट्ट्यांच्या मापकाने मोजायची. ती साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर असावी. त्याहून कमी असेल तर काजळी साचून चक्र अडकते. जास्त असेल तर जळता वायू बाजूने निसटतो.

ज्याला वाटते की हत्यार म्हणजे केवळ पोलाद आणि बळ, त्याने एकदा हे मापक पाहावे.

आता रसायनाकडे वळू. विसाव्या शतकाच्या पहिल्या पावपर्यंत काडतुसाच्या टोपीतील मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. ते पेटले की मागे पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे आपल्या मिठाचाच भाऊबंद. ते हवेतील ओल शोषून घेते आणि एका रात्रीत नळीला गंज चढवते. तेल लावून हे मीठ जात नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. त्याला पाणीच लागते. म्हणून त्या काळचे जाणते लोक नळीत कढत पाणी ओतत, कोरडी करत, आणि मगच तेल लावत. ज्यांना हे ठाऊक नव्हते ते मनोभावे तेल चोळत राहिले आणि त्यांच्या हत्यारांच्या नळ्या आतून खवल्याखवल्यांच्या झाल्या. १९२७ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ‘क्लीनबोअर’ नावाची, गंज न आणणारी काडतुसे अमेरिकी बाजारात आणली आणि हा शाप हळूहळू उतरला.

घामाचा शाप मात्र राहिला. घामातले मीठ मुलाम्याखाली शिरते. पावसात भिजलेले चामडी म्यान आतून दोन-दोन दिवस ओले राहते, आणि रात्री हत्यार त्यातच ठेवून दिले तर सकाळी तांबूस ठिपके दिसतात. चामडे कमावताना वापरलेल्या द्रव्यांचा पितळेशी संयोग होऊन पट्ट्यावरील काडतुसांवर हिरवट थर चढतो, अगदी आपल्या घरच्या तांब्यापितळेच्या भांड्यांवर कळंक चढतो तसा. असे काडतूस चक्राच्या घरात अर्ध्यावर अडकून बसते. १९६५ मध्ये स्मिथ अँड वेसनने न गंजणाऱ्या पोलादाचे रिव्हॉल्व्हर काढले, तेव्हा पोलिसांनी त्याचे जे स्वागत केले त्याचे कारण सौंदर्य नव्हते.

येथवर दुर्लक्षाच्या कथा झाल्या. अतिनिगेचीही एक कथा आहे, आणि ती अधिक करुण आहे.

दुसऱ्या महायुद्धात ‘मिलिटरी अँड पोलीस’चीच एक साधी, झगझगीत नसलेली आवृत्ती ‘व्हिक्टरी’ या नावाने लक्षावधींनी तयार झाली. घोडा चुकून टोपीवर आदळू नये म्हणून तिच्यात एक अटकाव होता. एका पातळ कमानीच्या जोरावर तो आपल्या जागी येई. १९४४ च्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या एका जहाजावर असे एक रिव्हॉल्व्हर पोलादी डेकवर पडले, गोळी सुटली आणि एका खलाशाचा मृत्यू झाला. तपासणीत आढळले की साठवणीसाठी हत्यारांत भरलेले जाड वंगण घट्ट झाले होते आणि त्याने ती पातळ कमान अडवून धरली होती. म्हणजे गंजापासून वाचवण्यासाठी जे लावले, त्यानेच सुरक्षेचा अटकाव निकामी केला. कंपनीच्या अभियंत्यांनी अत्यंत थोड्या अवधीत नवा अटकाव रचला. तो कमानीवर अवलंबून नव्हता. चापाच्या हालचालीबरोबर तो यंत्राच्या जोरानेच सरके. नव्या अटकावाच्या हत्यारांच्या क्रमांकातील ‘व्ही’ या अक्षरापुढे ‘एस’ हे अक्षर जोडण्यात आले. युद्धानंतरच्या पोलिसी रिव्हॉल्व्हरांना हाच अटकाव वारसाने मिळाला. जुन्या हत्यारांचे अमेरिकी संग्राहक आजही ‘एसव्ही’ ही अक्षरे शोधतात. त्यामागे एका खलाशाचा जीव आहे, हे त्यांतल्या कितीजणांच्या ध्यानी असते कोण जाणे.

तेलाचा दुसरा अपराध याहून साधा. चक्रात काडतुसे भरलेली असताना वरून सढळ हाताने तेल सोडले, तर ते झिरपत टोपीत शिरते आणि काडतूस मरते. चाप ओढावा, घोडा पडावा, आणि ‘टक’ एवढाच आवाज यावा. तीच काडतुसे वर्षानुवर्षे न बदलणाऱ्या शिपायांच्या बाबतीत हे हमखास घडण्याजोगे. म्हणून चांगल्या खात्यांत वार्षिक सरावाची सुरुवात कमरेवरची जुनी काडतुसे झाडून होई, आणि परतताना नवी मिळत.

रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही, असे आपण नेहमी ऐकतो. हे अर्धसत्य आहे. रिकामी काडतुसे बाहेर ढकलणारी चांदणीच्या आकाराची एक चकती चक्राच्या मागे असते. भरताना नळी जमिनीकडे धरून काडतुसे बाहेर काढली, तर न जळलेल्या दारूचे दोन-चार कण त्या चांदणीखाली जाऊन बसतात. मग चकती केसभर वर राहते, काडतुसांचे बूड मागच्या पोलादावर घासू लागते, आणि चक्र फिरेनासे होते. उपाय म्हणजे जुना दात घासायचा ब्रश. म्हणूनच प्रशिक्षक ओरडून सांगत, की भरताना नळी आकाशाकडे. बिचाऱ्या उमेदवारांना तो नियम शिस्तीचा भाग वाटे.

आपल्याकडे दसऱ्याला पोलीस मुख्यालयांत शस्त्रपूजन होते, हे वाचकांना माहीत आहेच. हळदकुंकू वाहण्यापूर्वी हत्यारे पुसून मांडावी लागतात, आणि त्या निमित्ताने वर्षातून निदान एकदा प्रत्येक हत्यार फळीवरून खाली येते. परंपरेचा हा एक व्यावहारिक लाभ मला नेहमी मोलाचा वाटत आला आहे. अमेरिकी खात्यांना तेच काम नियमावली लिहून करून घ्यावे लागले.

आणि त्या नियमावलीतील अनेक ओळी एका रात्रीने लिहिल्या.

५-६ एप्रिल १९७० च्या मध्यरात्रीच्या सुमारास, कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथे महामार्ग पोलिसांच्या दोन अधिकाऱ्यांनी एक मोटार थांबवली. मोटारीतील दोघे सशस्त्र गुन्हेगार होते. पाठोपाठ आणखी दोन अधिकारी मदतीस पोहोचले. पाच मिनिटांच्या आत वॉल्ट फ्रागो, रॉजर गोर, जेम्स पेन्स आणि जॉर्ज ॲलन हे चौघेही मृत्युमुखी पडले. चौघेही पंचविशीच्या आतले होते. पेन्स आपले रिव्हॉल्व्हर पुन्हा भरत असताना मारला गेला. मैदानात सराव करताना रिकामी काडतुसे खिशात ठेवण्याची सवय होती, म्हणून त्याने त्याही क्षणी ती खिशात ठेवली, अशी एक आख्यायिका पुढे अनेक दशके प्रत्येक प्रशिक्षण वर्गात सांगितली गेली. नंतरच्या अभ्यासकांनी घटनास्थळाच्या पुराव्यांच्या आधारे ती नाकारली आहे. परंतु दुसरी गोष्ट आख्यायिका नव्हती. सराव हलक्या .३८ काडतुसांनी होई, आणि गस्तीवर मात्र .३५७ मॅग्नम काडतुसे बाळगण्याची मुभा होती. मॅग्नमचा धक्का, आवाज आणि रात्रीच्या अंधारात डोळे दिपवणारा जाळ यांचा अनुभव अधिकाऱ्याला प्रथम यायचा तो थेट प्राणावर बेतल्यावर.

या घटनेनंतर अमेरिकी पोलीस प्रशिक्षणात एक तत्त्व रुजले. ज्या काडतुसाने लढायचे, त्यानेच सराव करायचा. तत्त्व निर्विवाद योग्य होते. पण त्याची किंमत हत्यारांनी मोजली, आणि माझ्या दृष्टीने या सबंध इतिहासातील सर्वांत विचार करायला लावणारा भाग हाच आहे.

काय झाले ते पाहा. १९५५ मध्ये स्मिथ अँड वेसनने सीमा गस्ती दलातील नामांकित नेमबाज बिल जॉर्डन यांच्या सूचनेवरून ‘कॉम्बॅट मॅग्नम’, म्हणजे पुढचे मॉडेल १९, तयार केले होते. जॉर्डन यांची कल्पना अशी, की दिवसभर कमरेवर वागवायला हलके असे मॉडेल १० च्या आकाराचेच हत्यार हवे, पण गरज पडली तर त्यात मॅग्नम चालावे. सराव .३८ ने, गस्त मॅग्नमने, हे त्या रचनेतच गृहीत होते. मॅग्नम काडतुसाचा दाब .३८ च्या सुमारे दुप्पट. शंभर .३८ मागे चार-दोन मॅग्नम, एवढ्या हिशेबाने ते हत्यार पिढ्यान्‌पिढ्या टिकले असते.

न्यूहॉलनंतर हिशेब उलटला. आता सरावातही मॅग्नम, आणि तेही बहुधा हलक्या, अतिवेगवान, १२५ ग्रेन म्हणजे सुमारे ८ ग्रॅम वजनाच्या गोळीचे. त्या आकाराच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळीचे मागचे निमुळते तोंड खालच्या बाजूने किंचित सपाट तासलेले असते. चक्राचा आधार तेथून आत-बाहेर जाण्यासाठी तेवढी जागा लागते. नेमके तेथेच पोलाद सर्वांत पातळ. जळत्या दारूचा झोत आणि वेगवान गोळीचा आघात प्रत्येक बाराला तेथेच बसे. काही हजार बारांनंतर त्या सपाट भागावर केसासारखी चीर दिसू लागे. बाहेरून काहीही कळत नसे. मुलामा शाबूत, मूठ चकचकीत, टायमिंग ठीक. चक्र बाजूला काढून, भिंग घेऊन पाहिले तरच चीर दिसायची.

म्हणजे १९५० सालचे, कमरेवर घासून पांढरे पडलेले, पण वर्षाला पन्नास-साठ सौम्य गोळ्यांपलीकडे न झाडलेले मॉडेल १० आतून ठणठणीत. आणि उत्तम प्रशिक्षित खात्यातले दहा वर्षांचे देखणे मॉडेल १९ भंगारात. आळशी खात्याची हत्यारे टिकली आणि दक्ष खात्याची फुटली. हत्याराच्या टिकाऊपणावरून खात्याची पारख करू पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. चीर पडलेली नळी नवी बसवता येते. न केलेला सराव ऐन वेळी कोठून आणणार?

कंपनीने उत्तर म्हणून १९८० च्या दशकाच्या उंबरठ्यावर थोड्या मोठ्या सांगाड्याची मॉडेल ५८६ आणि ६८६ ही रिव्हॉल्व्हरे आणली. त्यांत नळीचे तोंड सर्व बाजूंनी पूर्ण जाड होते. त्यांच्याही सुरुवातीच्या काही नगांत टोपीचे धातू आघाताच्या भोकात शिरून चक्र अडे, आणि कंपनीला ती परत बोलावून दुरुस्त करावी लागली. दुरुस्त हत्यारावर ‘एम’ हे अक्षर ठोकलेले असते.

मधल्या काळात शिपायांचे स्वतःचे उद्योग चालूच होते. चाप जड लागतो म्हणून मुठीच्या पुढील बाजूचा, मुख्य कमानीला ताण देणारा स्क्रू दोन फेरे सैल करायचा, ही जुनी क्लृप्ती. चाप लोण्यासारखा हलका होई. पण कमानीचा जोर घटल्याने घोडा टोपीवर पुरेशा ताकदीने पडत नसे. आर्मररच्या टेबलावर ‘हत्यार खराब आहे’ म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारी पेचकसाच्या दोन फेऱ्यांत मिटत. तक्रारदाराचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा होत असणार.

११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे आठ अधिकारी आणि दोन दरोडेखोर यांची भीषण चकमक झाली. बेन ग्रोगन आणि जेरी डव्ह हे दोन अधिकारी ठार झाले, पाच जखमी झाले. गॉर्डन मॅकनील यांच्या हाताला गोळी लागली आणि त्या जखमी हाताने त्यांना रिव्हॉल्व्हर पुन्हा भरता आले नाही. डव्ह यांच्याकडे स्वयंचलित भरणारे पिस्तूल होते. शत्रूच्या गोळीने तेच निकामी झाले. आणि चकमक संपवली ती एडमंडो मिरेलेस यांनी, एक हात छिन्नविच्छिन्न झालेला असताना, दुसऱ्या हातातील रिव्हॉल्व्हरने. या तीन प्रसंगांतून कोणते हत्यार श्रेष्ठ हे ठरवणे कठीण आहे; पण देशभरच्या पोलीस खात्यांनी निष्कर्ष एकच काढला. सहा गोळ्यांचे युग संपले.

त्या सुमारास ऑस्ट्रियातून ग्लॉक आले होते. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या या पिस्तुलाचा सांगाडा प्लॅस्टिकच्या जातीतल्या द्रव्याचा, घाम आणि गंज यांना दाद न देणारा. सुटे भाग सुमारे ३४, आणि एकाचा भाग दुसऱ्यात कानस न लावता बसणारा. आर्मरर होण्याचा अभ्यासक्रम एका दिवसाचा. पूर्वी कारीगर ऐकून, चाचपून, घासून जे ठरवत असे, ते आता वेळापत्रकाने ठरू लागले. धक्का झेलणारी कमान अमुक इतक्या बारांनंतर बदलायची, जुनी फेकायची. यात काही गमावले असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. कारीगराचा हात सुंदर असतो, पण तो सुट्टीवर जातो, निवृत्त होतो, आणि त्याच्या जागी दुसरा मिळत नाही. पिस्तुलांनाही झीज चुकली नाही म्हणा. १९९० मध्ये आलेल्या .४० मापाच्या जोरकस काडतुसाने ९ मिलिमीटरसाठी रचलेल्या पिस्तुलांना असेच दणके दिले, आणि मॉडेल १९ ची गोष्ट वेगळ्या रूपात पुन्हा घडली.

उरला प्रश्न जुन्या हत्यारांचा. अमेरिकेत खाती जुनी हत्यारे व्यापाऱ्याला देऊन नव्यांच्या किमतीत सूट घेत, आणि ती पुढे दुकानांत विकली जात. खर्च वाचे, म्हणून नगरपालिका खूश. १९९८ मध्ये न्यू ऑर्लिन्स शहराने बंदूक कंपन्यांवर दावा लावला. असे करणारे ते पहिले अमेरिकी शहर. आणि मग उघड झाले की त्याच शहराने स्वतःची जुनी आणि गुन्हेगारांकडून जप्त केलेली हजारो हत्यारे नव्या पिस्तुलांच्या मोबदल्यात बाजारात जाऊ दिली होती. या प्रकरणानंतर ‘विकावे की वितळवावे’ हा वाद अनेक शहरांत पेटला. चांगली निगा राखलेले हत्यार शंभर वर्षे चालते, याची ही दुसरी बाजू. ते कोणाच्या हाती चालेल, हे निगा राखणाऱ्याच्या हाती राहत नाही.

न्यूयॉर्क पोलिसांनी १९९३ मध्ये पिस्तुलांना परवानगी दिली, तरी जुन्या अधिकाऱ्यांना आपले रिव्हॉल्व्हर ठेवण्याची मुभा होती. सवय, विश्वास, थोडा हट्ट. २०१८ मध्ये ती मुभा संपली आणि उरलेल्या दीडेकशे अधिकाऱ्यांना पिस्तूल घेऊन नव्याने सराव करावा लागला. रूझवेल्ट यांच्या शाळेपासून हिशेब धरला तर सव्वाशे वर्षांना दोन वर्षे कमी.

मॉडेल १० मात्र आजही अमेरिकी दुकानांच्या काचेमागे दिसते. मुठीच्या मागच्या पट्टीवर एखाद्या खात्याची आद्याक्षरे कोरलेली असतात, कधी ती खोडून टाकलेली. जाणता गिऱ्हाईक उडालेल्या मुलाम्याबद्दल किमतीत घासाघीस करतो, आणि मग, दुकानदाराची परवानगी घेऊन, चक्र बाजूला काढून नळीच्या मागच्या तोंडाला भिंग लावतो.